संत्रीचा पिवळा दिवा

दुसऱ्याची वस्तू स्वतःच्या वस्तूपेक्षा जास्त जपावी, हे यशवंतराव बोंडे सरांचं जन्माचं तत्त्व. या कथेतला सगळा घोटाळा त्या तत्त्वामुळेच झाला. एखाद्या निष्काळजी माणसाकडे ती गाडी ठेवली असती तर काही म्हणता काही बिघडलं नसतं.

गाडी सरांच्या मेहुण्याची, कुलदीपची. नागपुरात प्लॉट पाडून विकता विकता कुलदीप कुठल्या कुठे जाऊन पोचला होता आणि तिथून येताना ही इटलीची गाडी घेऊन आला होता. तिचं खरं नाव घेताना ओठांचा चंबू करावा लागे. सौंसर गावाने ती दगदग टाळून रंगावरून तिचं नाव 'संत्री' ठेवलं. बुटकी इतकी की दुकानाच्या अर्ध्या पाडलेल्या शटरखालून शिरावं तसं आत शिरायचं. आणि इतकं करून आत माणसं बसणार दोन. "एवढ्या पैशात तं अख्खी बस येते, सर," असं शेजारच्या गुणवंताने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

कुलदीपच्या नागपूरच्या इमारतीत पावसाळाभर तळघरात पाणी साचतं, म्हणून आषाढात आखाडीला ही गाडी सौंसरला बहिणीच्या घरी आली. सरांच्या घरामागे संत्र्याचे क्रेट ठेवायचं टिनाचं शेड होतं, तिथे तिची सोय झाली.

कुलदीप नुसता मेहुणा असता तर सरांनी हे इतकं मनावर घेतलं नसतं. पण तो त्यांचा विद्यार्थीही होता, आणि नववीत विज्ञानात दोन मार्कांनी नापास झालेला विद्यार्थी होता. नापास सरांनीच केलं होतं. सरांच्या पत्नी स्मिताताई तेव्हा नव्या नवरी होत्या. भावासाठी त्यांनी शब्द टाकला, हेडमास्तरांनी टाकला, पण सर म्हणाले, "ग्रेस म्हणजे भीक. भिकेवर शास्त्र शिकता येत नाही." स्मिताताई पुढे पोळ्यापर्यंत त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या. कुलदीप दुसऱ्यांदा नववीत बसला आणि त्या दुसऱ्या नववीत त्याच्या बाकावर जो मुलगा आला, त्याच्याच भागीदारीत त्याने पुढे प्लॉटचा धंदा काढला. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर कुलदीपच्या भरभराटीचा पाया सरांनीच घातला होता. सासुरवाडीत मात्र हा हिशेब कोणी मांडत नसे.

किल्ली देताना कुलदीप म्हणाला होता, "सर, हप्त्यातून एकदा चालू करा, दहा मिनिटं राहू द्या अन् बंद करा. बाकी काही करू नका."

हे 'बाकी काही करू नका' सरांना लागलं. ज्या माणसाने नोकरीभर फळ्यावर चार स्ट्रोकचं इंजिन काढलं, पिस्टनसुद्धा पट्टीशिवाय सरळ काढला, त्याला एका नापास विद्यार्थ्याने हे सांगावं? सरांनी ठरवलं की गाडी आली तशीच नव्हे, आली त्याहून चांगली परत करायची.

शेडमध्ये उंदीर होते. संत्र्याच्या जागी उंदीर असतातच. सरांनी बॅटरी घेऊन गाडीची पाहणी केली तेव्हा त्यांना धक्काच बसला. एवढी महाग गाडी, पण भोकंच भोकं. पुढे जाळी, मागे जाळी, दोन्ही कुशींना दारामागे तर हात जाईल एवढाली तोंडं. उंदरांसाठी ही गाडी म्हणजे नुसती धर्मशाळा होती. सरांचे वडील मोहगावच्या शेतात बियाण्याच्या मडक्याचं तोंड कापसाच्या बोळ्याने बुजवत, तेही कडुलिंबाच्या तेलात भिजवून, की उंदीर त्या दिशेला तोंड करत नसे. सरांनी तोच उपाय केला. स्मिताताईंनी वातींसाठी आणि उशांसाठी सरकी काढून पेटीत भरून ठेवलेला घरच्या शेतातला कापूस घेतला आणि गाडीचं भोक न् भोक बुजवलं. दर रविवारी बोळे काढायचे, गाडी चालू करायची, बंद केल्यावर बोळे परत लावायचे. एखादा बोळा सापडला नाही तर सर म्हणत, पडला असेल कुठे, आणि नवा करत. घट्ट बसावा म्हणून नवा जरा मोठा करत.

दिवाळीनंतरच्या रविवारी गाडी चालू केली आणि समोरच्या काचेआड एक पिवळा दिवा लागला तो विझेना. दिव्यावर चित्र होतं.

"नळाची तोटी हाय," गुणवंता वाकून म्हणाला. गुणवंताकडे संत्र्याची बाग होती, ट्रॅक्टर होता आणि सल्ला कोणी मागण्याची वाट पाहण्याचा स्वभाव नव्हता. "पाणी टाका म्हणून राहिली गाडी."

सरांची मुलगी तृप्ती बँकेत होती. तिने मोबाईलवर शोधून सांगितलं, "बाबा, ते इंजिनाचं चित्र आहे. इंजिनात काहीतरी बिघाड आहे म्हणते. मामाला सांगायचं का?"

"नाही," सर म्हणाले.

याला कारण होतं. पुढच्याच रविवारी पांढुर्ण्याला तृप्तीचं साक्षगंध होतं. मुलगा मयूर, घराणं कापसाच्या व्यापारातलं. कुलदीपने तोंडाने कबूल केलं होतं की भाची साक्षगंधाला संत्रीतून येईल, तो स्वतः चालवेल. ही बातमी पांढुर्ण्यात आधीच पोचली होती आणि मयूरच्या वडिलांनी गल्लीतला गतिरोधक छिलून घेतल्याचंही कानावर आलं होतं. त्या दिवशी सकाळी कुलदीप येणार, किल्ली फिरवणार आणि त्याला तो दिवा दिसणार. मग तो काय म्हणेल हे सरांना शब्दाशब्दाने ऐकू येत होतं. आठवडाभरात दिवा विझवायचा आणि कुलदीपला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

"पयले बोनट उघडा," गुणवंता म्हणाला.

उघडलं. आत स्वच्छ, रिकामा, गालिचा अंथरलेला खड्डा होता. तिघंही बराच वेळ त्या खड्ड्यात पाहत राहिले.

"सर," गुणवंता हळू आवाजात म्हणाला, "इंजिन गेलं."

"गेलं म्हणजे?"

"चोरीले गेलं. म्हणून तं दिवा लागला. इंजिन नाई, असं सांगून राहिली बिचारी."

सरांनी गालिचा उचलून पाहिला. गुणवंताच्या बोलण्यात एक तर्क होता, आणि वाईट बातमीतला तर्क माणसाला लवकर पटतो. पण सर शेवटी विज्ञानाचे. ते म्हणाले, "मग आत्ता आवाज कशाचा येत होता?" तोवर तृप्तीने मागचं झाकण उघडून इंजिन दाखवलं. या गाडीचं इंजिन मागेच असतं म्हणे. ज्या गाडीला पुढचं मागचं कळत नाही तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, असं सर पुटपुटले.

गुणवंताने मात्र मधल्या वेळात दोन ठिकाणी फोन लावले होते. संध्याकाळी बसस्टँडकडची माणसं भेटायला येऊ लागली. चेहरे पाडून खुर्च्यांवर बसली. कोणी म्हणालं नागपूरची टोळी असेल, कोणी विचारलं पोलिसात रपट लिहिली का. सर प्रत्येकाला शेडमध्ये नेऊन मागचं झाकण उघडून इंजिन दाखवत होते. काही लोक इंजिन जागेवर पाहून थोडे नाराज झाले. स्मिताताईंना सगळ्यांसाठी चहा मांडावा लागला तो वेगळाच.

दुसऱ्या दिवशी सरांनी वैभवला बोलावलं. चौकात त्याचं गॅरेज होतं आणि त्याच्याकडे स्कॅनर होता, म्हणजे गाडीला जोडला की बिघाड सांगणारं हातात मावेल एवढं यंत्र. वैभवने ते जोडलं आणि पडद्यावर बिघाडांची रांग लागली.

"सर, ही तं साऱ्याच विषयात नापास आहे," वैभव म्हणाला. "ऑक्सिजनचा सेन्सर, हवेचा सेन्सर, पेट्रोलचं मिश्रण, हे डावीकडचं, हे उजवीकडचं."

"हवेचा प्रश्नच नाही," सर ठामपणे म्हणाले. "माझ्या शेडमध्ये धुळीचा कण गाडीत जाऊ दिला नाही मी."

"मंग सेन्सर बदला. इथं तं भेटत नाही, नागपुरातही भेटन का नाही सांगता येत नाही." त्याने यंत्रावरचं एक बटण दाबलं. "आता पुसून देतो."

दिवा विझला. सरांचा चेहरा उजळला. वैभवने जरा जोरात रेस दिली आणि दिवा परत लागला. पुन्हा पुसला, पुन्हा लागला. असं पुष्कळ वेळा झाल्यावर वैभवने स्कॅनर सरांच्या हाती दिला आणि म्हणाला, "हे ठेवा तुमच्यापाशीच, पुसत राहा. अन् एक लिंबू-मिरची बांधून पाहा. एवढ्या लोकांनी मागून-पुढून पाह्यली, नजर तं लागलीच असन." सरांनी अंधश्रद्धेवर त्याला चार शब्द सुनावले. तो गेल्यावर स्मिताताईंनी लिंबू-मिरची बांधली आणि सरांनी ती पाहिली नाही असं दाखवलं.

मग कंपनीचा मदतीचा फोन. गाडीच्या काचेवरच नंबर होता. पलीकडे मोनाली नावाची फार गोड बोलणारी मुलगी होती. तिने सगळं ऐकून घेतलं, काळजी करू नका म्हणाली, गाडी न्यायला मोठी ट्रॉली पाठवते म्हणाली. सरांना भरून आलं.

"पत्ता सांगा सर. सौंसर. जिल्हा छिंदवाडा, बरोबर?"

"जिल्हा पांढुर्णा."

"आमच्या कॉम्प्युटरमध्ये पांढुर्णा जिल्हा येत नाहीये, सर. मी छिंदवाडा टाकते."

"टाकू नका," सर म्हणाले. "सौंसर आता छिंदवाड्यात नाही. दोन हजार तेवीसपासून पांढुर्णा जिल्हा वेगळा आहे. तुमची यादी जुनी आहे."

"हो सर, पण ट्रॉली पाठवण्यापुरतं..."

"चुकीची माहिती देऊन मी कोणतीही सेवा घेणार नाही. तुम्ही आधी यादी दुरुस्त करा. लिहून घ्या, मी मजकूर सांगतो."

मजकूर सांगणं बराच वेळ चाललं. मोनालीने तो लिहून घेतला असावा, कारण ती मध्ये काही बोलली नाही. शेवटी तिने नम्रपणे सांगितलं की यादीत नसलेल्या जिल्ह्यात ट्रॉली जाऊ शकत नाही.

"अवो, एकदा छिंदवाडा म्हटलं असतं तं काय पांढुर्णा रागावलं असतं?" स्मिताताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"प्रश्न तत्त्वाचा आहे," सर म्हणाले. त्यांना खरोखर समाधान वाटत होतं. ते समाधान चहा संपेपर्यंत टिकलं, मग खिडकीतून शेड दिसलं.

असेच वार सरत गेले. शनिवारी गुणवंताने नवा सिद्धांत मांडला. "सर, गाडी उभी राहून राहून आखडली. बैल नाई का आखडत? दोन कोस चालवून आणा, मोकळी होईन." दुसरा सिद्धांत शिल्लक नसल्यामुळे सरांनी हा स्वीकारला. ते कष्टाने आत शिरले, शेजारी गुणवंता गुडघे हनुवटीला लावून बसला आणि संत्री मोहगावच्या रस्त्याला लागली.

पहिल्या वळणापर्यंत बरी चालली. मग तिने दम टाकला. पेडल कितीही दाबलं तरी ती आपल्याच विचारात चालत राहिली. मागून कापसाची बैलगाडी आली. गाडीवानाने जरा वेळ वाट पाहिली, मग हाताने रीतसर इशारा देऊन संत्रीला ओलांडून पुढे गेला. त्यानंतर संत्री एका शेताच्या धुऱ्यापाशी थांबली ती थांबलीच.

गुणवंता घरी जाऊन ट्रॅक्टर घेऊन आला. तिला बांधायचा हूक कुठे असतो हे कोणालाच कळलं नाही, तेव्हा बैलांच्या नाड्याने जिथे जमलं तिथे बांधलं, आणि वरात सौंसरच्या बाजारातून निघाली. पुढे ट्रॅक्टरवर गुणवंता, मागे त्या बुटक्या गाडीत, लोकांच्या कमरेच्या उंचीवर, सर. दोन्ही बाजूंना मोबाईल वर झाले. दुकानादुकानांत माजी विद्यार्थी होते. एकाने आदराने उभं राहून विचारलं, "सर, इंजिन सापडलं का?"

सरांना त्या क्षणी रडू आलं असतं. पण भर बाजारात, माजी विद्यार्थ्यांसमोर रडणं बरं दिसलं नसतं. घरी आल्यावर ते स्मिताताईंना एवढंच म्हणाले, "उद्या पोरीचा दिवस आहे आणि माझ्यामुळे ती टेम्पोतून जाणार. कुलदीप काय बोलायचं ते बोलो, ते मी ऐकून घेईन. पण व्याह्यांसमोर नको बोलायला." स्मिताताईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यांनी ते ठेवून दिलं.

रविवारी सकाळी सर नवा सदरा घालून चहा घेत होते. स्मिताताई ओवाळणीचं ताट लावत होत्या. त्यांना वाती करायच्या होत्या म्हणून त्यांनी पेटी उघडली.

"अवो, कापूस कुठं गेला?"

"गाडीच्या बोळ्यांना घेतला होता."

"पुरा? उशी भरंल एवढा होता. अन् तुम्ही तं तेच बोळे काढता अन् तेच लावता नं? मग पेटी रिकामी कशी झाली?"

कप सरांच्या ओठांपाशी थांबला. पदार्थ निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. पेटीतून कमी झालेलं कुठेतरी जास्त झालेलं असलंच पाहिजे. हा नियम सरांनी इतक्या वर्षांत इतक्या वर्गांना शिकवला होता की तो आपल्या घरातही लागू असेल हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. मागोमाग दुसरा धडा आठवला. पहिला स्ट्रोक, शोषण. इंजिन आधी हवा आत ओढतं. आणि हवेबरोबर वाटेतलं जे असेल ते.

ते पापड भाजायचा चिमटा घेऊन शेडमध्ये धावले.

दारामागच्या डाव्या तोंडात त्यांनी चिमटा घातला आणि ओढला. एक बोळा आला. त्यामागून दुसरा आला, त्याला चिकटून तिसरा. पहिले लहान होते, मागाहूनचे मोठे. मग उजवी बाजू. तिथे तर प्रत्येक रविवारचा बोळा आपापल्या जागी शिस्तीत बसला होता. शेडमध्ये पांढरा ढीग झाला आणि कडुलिंबाचा वास सुटला. स्मिताताई दारात उभ्या राहून पाहत होत्या. ढीग मोठा झाला तशी त्यांनी आतून उशीचा एक रिकामा अभ्रा आणला आणि कापूस त्यात भरायला लागल्या.

सरांनी स्कॅनर जोडला, दिवा पुसला, किल्ली फिरवली आणि मन घट्ट करून पेडल दाबलं. असा काही आवाज निघाला की गुणवंताच्या बागेतली सगळी पाखरं उठली. दिवा लागला नाही. त्यांनी परत दाबलं. दिवा लागला नाही.

तेवढ्यात फाटकाशी कुलदीप येऊन उभा राहिला.

"सर, इंजिन सापडलं म्हणे," तो म्हणाला. बाजारातली वरात मोबाईलवरून काल संध्याकाळीच नागपूरला पोचली होती.

"चोरीला गेलंच नव्हतं."

"मग काय झालतं?"

सरांची पंचाईत झाली. ज्या माणसाला मोनालीपाशी छिंदवाडा म्हणवलं नाही, तो खोटं कसं बोलणार. "हवेचा मार्ग अडला होता," ते म्हणाले.

"कायनं?"

सरांनी शेडच्या टिनाकडे पाहिलं. "बाह्य पदार्थानं."

कुलदीपने गाडीला एक चक्कर मारली. उजव्या तोंडाच्या जाळीला कापसाचं एक पुंजकं अडकलं होतं. त्याने ते चिमटीत धरलं, वास घेतला, शेडच्या दारात अभ्र्यात कापूस भरत बसलेल्या बहिणीकडे पाहिलं, मग सरांकडे. सर नवीन सदऱ्याच्या गुंड्या तपासत होते. कुलदीपने पुंजकं खिशात टाकलं.

"बरोबर," तो म्हणाला. "बाह्य पदार्थच."

पांढुर्ण्यात संत्री शिरली तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. तृप्ती उतरली, फटाके फुटले, मयूर लाजला, सगळं रीतसर झालं. टेम्पोतून मागाहून पोचलेले सर कोपऱ्यात उभे होते, तर कुलदीपने त्यांचा हात धरून त्यांना पुढे ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ही गाडी कंपनीच्या मुंबईच्या लोकाईकडून दुरुस्त झाली नसती. हे माझे सर. घरच्या शेडमध्ये, घरच्या चिमट्यानं केली यायनं." मयूरच्या वडिलांनी सरांच्या खांद्यावर शेला टाकला, हाती नारळ दिला, आणि आपल्या जीपमध्येही एक दिवा लागतो तो सवडीने पाहाल का म्हणून विचारलं. शेला सरांना दिवसभर टोचत राहिला. नववीतल्या त्या उत्तरपत्रिकेचा रंगसुद्धा त्यांना आठवत होता. आपण त्या पोराला दोन मार्क दिले नाहीत, आणि यानं भर मांडवात आपली लाज झाकली, या विचाराने त्यांना जेवण गोड लागलं नाही.

संध्याकाळी कुलदीप नागपूरला निघाला. स्मिताताई एक उशी घेऊन आल्या. टेम्पोत बसल्या बसल्या त्यांनी ती तोंड शिवून पुरी केली होती.

"मान दुखते नं तुझी गाडीत. घे, घरचा कापूस आहे. थोडा वास येईन, उन्हात टाकशील."

कुलदीपने उशी दाबून पाहिली, नाकाशी नेली आणि मानेमागे नीट लावली. मग काच खाली करून सरांना खुणेने जवळ बोलावलं. गाडी बुटकी म्हणून सरांना पार वाकावं लागलं.

"सर, नववीत मले दोन मार्क कमी पडले होते."

"आठवतं मला."

"तुमाले त्याच्यापेक्षा लय कमी पडून राहिले." त्याने किल्ली फिरवली. पिवळा दिवा कुठेही नव्हता. "पण जा. ग्रेस देऊन पास केलं."

संत्री गल्लीच्या टोकाला वळली. पेटीतला सगळा कापूस, एक पुंजकंही कमी न होता, नागपूरच्या रस्त्याला लागला.

"काय म्हणे तो एवढं कानात?" स्मिताताईंनी विचारलं.

सरांनी खांद्यावरचा शेला काढून त्याची नीट घडी केली.

"पास झालो," ते म्हणाले. कसे, ते स्मिताताईंनी विचारलं नाही.